नर्गिस चक्रीवादळ : अन्नमदत आणि शासकीय समन्वय

म्यानमारच्या इरावती त्रिभुज प्रदेशावर २ मे २००८ रोजी संध्याकाळी धडकलेले नर्गिस हे बंगालच्या उपसागरातील अलीकडच्या काळातील सर्वाधिक जीवघेण्या चक्रीवादळांपैकी एक होय. म्यानमार शासनाने जून २००८ मध्ये जाहीर केलेल्या आकडेवारीनुसार या वादळात ८४,५३७ जणांचा मृत्यू झाला आणि ५३,८३६ जण बेपत्ता झाले. सुमारे २४ लाख लोकांना वादळाची मोठी झळ पोहोचली. आपत्ती निवारणाच्या अभ्यासात नर्गिसचे नाव आणखी एका कारणासाठी घेतले जाते. धान्य, विमाने, जहाजे आणि निधी शेजारच्या देशांत उपलब्ध असूनही ही मदत आपद्‌ग्रस्तांपर्यंत पोहोचण्यास कित्येक आठवडे लागले. अखेर तीन पक्षांच्या एका छोट्या गटामार्फत मार्ग निघाला.

वादळ आणि पूर्वसूचना

एप्रिल २००८ च्या अखेरच्या आठवड्यात बंगालच्या उपसागराच्या मध्यभागी कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि २७ एप्रिलच्या सुमारास त्याचे रूपांतर चक्रीवादळात झाले. पाकिस्तानने सुचवलेल्या यादीतील ‘नर्गिस’ हे फुलाचे नाव त्याला देण्यात आले. प्रारंभी ते भारताच्या पूर्व किनाऱ्याच्या दिशेने सरकत होते. नंतर त्याने पूर्वेकडे वळण घेतले. उत्तर हिंदी महासागरातील देशांना चक्रीवादळांची माहिती देण्याची जबाबदारी भारतीय हवामान विभागाच्या नवी दिल्ली येथील केंद्राकडे आहे. वादळ किनाऱ्यावर धडकण्याच्या ४८ तास आधीच त्याचे ठिकाण व तीव्रता म्यानमारच्या यंत्रणेला कळवण्यात आली होती, असे विभागाने त्यावेळी स्पष्ट केले.

इशारा राजधानीत पोहोचणे आणि तो खाडीकाठच्या वस्तीपर्यंत जाणे यांत मोठे अंतर असते. म्यानमारची सरकारी दूरचित्रवाणी व वृत्तपत्रे यांनी वादळाच्या बातम्या दिल्या. परंतु समुद्राचे पाणी किती उंच येईल, कोणी कोठे जावे, याबाबत गावपातळीवर सूचना नव्हत्या. त्रिभुज प्रदेशात डोंगर नाही, निवाऱ्याच्या पक्क्या इमारतीही फारशा नव्हत्या. इंधन व शेतीसाठी खारफुटीची जंगले मोठ्या प्रमाणावर तोडली गेली होती. काही ठिकाणी बारा फुटांहून उंच उसळलेली लाट सुमारे चाळीस किलोमीटर आतपर्यंत शिरली. बहुसंख्य मृत्यू वाऱ्यापेक्षा या लाटेने झाले. लाबुट्टा, बोगाले, प्यापोन, देदाये हे तालुके सर्वाधिक उद्ध्वस्त झाले.

मराठी वाचकांना म्यानमारची ओळख लोकमान्य टिळकांच्या मंडालेच्या कारावासामुळे आहे. ते मंडाले याच इरावती नदीच्या काठी, बरेच वर उत्तरेस आहे. नदी समुद्राला मिळण्यापूर्वी जेथे अनेक फाटे फोडते, तो सखल प्रदेश म्हणजे देशाचे भाताचे कोठार. अन्न व कृषी संघटनेच्या तेव्हाच्या अंदाजानुसार वादळग्रस्त पाच प्रांतांत मिळून देशाच्या एकूण भातापैकी सुमारे ६५ टक्के भात पिकत असे. ज्यांनी इतरांना पोसायचे, त्यांच्याच घरात अन्न उरले नाही, अशी ही आपत्ती होती.

अन्नाची गरज किती होती

पुढे झालेल्या संयुक्त पाहणीत घरोघरच्या साठ्यांपैकी ४२ टक्के धान्य नष्ट झाल्याचे आढळले. ५५ टक्के कुटुंबांकडे एक दिवस पुरेल एवढे किंवा त्याहूनही कमी अन्न होते. सहा लाख हेक्टरांहून अधिक शेतजमिनीत खारे पाणी घुसले. नांगराचे बैल व रेडे काही भागांत निम्म्यापर्यंत मेले, मासेमारीच्या होड्या व जाळी वाहून गेली, पिण्याच्या पाण्याची तळी खारी झाली. धान्य मिळाले तरी ते शिजवायला भांडे नाही आणि गोडे पाणी नाही, अशी अनेक गावांची स्थिती होती. म्हणूनच पहिल्या दिवसांत न शिजवता खाता येणाऱ्या पौष्टिक बिस्किटांना महत्त्व होते. त्यानंतर तांदूळ, डाळ, तेल व मीठ असा शिधा द्यावयाचा, ही जागतिक अन्न कार्यक्रमाची नेहमीची पद्धत आहे.

या शिध्याचा साधा हिशेब केल्यास कामाचा आवाका लक्षात येतो. माणशी दररोज ४५० ग्रॅम तांदूळ धरला तर दहा लाख लोकांसाठी रोज ४५० टन तांदूळ लागतो. दहा टनांच्या मालमोटारी वापरल्या तर रोज पंचेचाळीस गाड्या. तीन टन माल वाहून नेणारे हेलिकॉप्टर वापरायचे म्हटले तर रोज दीडशे फेऱ्या. त्यातही बहुतेक गावांना रस्ताच नव्हता. मालमोटारीतून लहान जहाजात आणि तेथून होडीत अशी चढ-उतार अटळ होती. एवढे काम नियोजनाशिवाय, आणि नियोजन करणाऱ्यांना त्या भागात पाऊल ठेवू न देता, होणे शक्य नव्हते.

त्यात हे वर्ष जगभर तांदूळ महाग होण्याचे होते. भारताने एप्रिल २००८ मध्ये बिगर-बासमती तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली होती, इतर निर्यातदार देशांनीही हात आखडता घेतला होता. मदत संस्थांना त्याच निधीत पूर्वीपेक्षा कमी धान्य मिळत होते.

पहिले तीन आठवडे

म्यानमारमध्ये त्या वेळी वरिष्ठ जनरल थान श्वे यांच्या नेतृत्वाखालील लष्करी राजवट होती. पंतप्रधान थेन सेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे मदतकार्याची सूत्रे देण्यात आली आणि यांगोन, इरावती, बागो, मोन व कायिन हे प्रांत आपद्‌ग्रस्त म्हणून जाहीर झाले. कागदोपत्री यंत्रणा होती. मात्र राजधानी २००५ मध्येच यांगोनहून तीनशे किलोमीटरहून अधिक उत्तरेस, नेपिडॉ येथे हलवलेली होती. शिवाय १० मे रोजी नव्या राज्यघटनेवर सार्वमत ठरलेले होते. शासनाने ते पुढे ढकलले नाही. केवळ वादळग्रस्त तालुक्यांत मतदान २४ मे रोजी घेण्यात आले. लष्कर आणि स्थानिक अधिकारी ज्या दिवसांत लोकांना अन्न पोहोचवण्यात गुंतायला हवे होते, त्याच दिवसांत मतदान केंद्रे उभारली जात होती.

परदेशी साहित्य आम्ही स्वीकारू, पण वाटप आमचे शासनच करील, अशी राजवटीची भूमिका होती. मदत संस्थांच्या तज्ज्ञांना प्रवेश परवाने मिळेनात. जे आधीपासून यांगोनमध्ये होते त्यांना त्रिभुज प्रदेशात जाण्यास मज्जाव होता. ९ मे रोजी जागतिक अन्न कार्यक्रमाची ३८ टन बिस्किटे यांगोनच्या विमानतळावर शासनाने ताब्यात घेतली. ती सुमारे ९५ हजार लोकांना पुरली असती. आपल्या मालाचे वाटप आपल्या देखरेखीखाली झाले पाहिजे हा या संस्थेचा दंडक असल्याने तिने विमाने थांबवल्याचे जाहीर केले. मात्र दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा सुरू करावी लागली, कारण थांबवल्याने शासनाचे काही बिघडत नव्हते. त्याच ९ मे रोजी संयुक्त राष्ट्रांनी १८ कोटी ७० लाख डॉलरचे तातडीचे आवाहन केले.

पाश्चात्त्य देशांची प्रतिक्रिया तीव्र होती. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री बर्नार कूश्नेर यांनी ‘संरक्षणाची जबाबदारी’ या २००५ च्या जागतिक शिखर परिषदेत मान्य झालेल्या तत्त्वाचा आधार घेत, परवानगीविना मदत पोहोचवण्याचा विचार सुरक्षा परिषदेने करावा असे सुचवले. हे तत्त्व वंशविच्छेद, युद्धगुन्हे, वांशिक निर्मूलन आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे एवढ्यांपुरते मर्यादित आहे. नैसर्गिक आपत्तीचा त्यात समावेश नाही, असा आक्षेप लगेच घेतला गेला. चीनचाही विरोध होता. अमेरिकेच्या मालवाहू विमानांना १२ मेपासून यांगोनला उतरू देण्यात आले. किनाऱ्यापासून दूर उभ्या अमेरिकी युद्धनौकांना मात्र अखेरपर्यंत परवानगी मिळाली नाही आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या परत फिरल्या. फ्रान्सच्या ‘मिस्त्राल’ नौकेवरील साहित्य थायलंडमध्ये फुकेत येथे उतरवून जागतिक अन्न कार्यक्रमाकडे सोपवावे लागले. युद्धनौकेतून येणाऱ्या तांदळाकडे लष्करी राजवट केवळ तांदूळ म्हणून पाहील, ही अपेक्षाच फोल होती. नौकांच्या उपस्थितीने संशय वाढला आणि वाटाघाटी अवघड झाल्या, असे अनेक निरीक्षकांचे मत आहे.

भारताचा अनुभव वेगळा ठरला. ‘ऑपरेशन सहायता’ या मोहिमेअंतर्गत भारतीय नौदलाच्या ‘राणा’ व ‘किरपाण’ या नौका अन्नपदार्थ, तंबू, कपडे व औषधे घेऊन पोर्ट ब्लेअरहून निघाल्या आणि यांगोनला पोहोचलेल्या पहिल्या परदेशी मदतीत त्यांचा समावेश होता. हवाई दलाच्या विमानांनीही खेपा केल्या. पुढे भारताच्या वैद्यकीय पथकालाही प्रवेश मिळाला. नवी दिल्लीने साहित्य थेट शासनाच्या हवाली केले, वाटपाच्या अटी घातल्या नाहीत. त्यामुळे दारे लवकर उघडली. दिलेले धान्य अखेर कोणाच्या घरात गेले हे पाहण्याची सोय मात्र त्या पद्धतीत नव्हती. भारताने स्वतः डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर परदेशी शासनांची तातडीची मदत सुरुवातीला नाकारली होती, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. तेथे अन्नधान्याचे सरकारी साठे, जिल्हाधिकारी कार्यालये आणि सैन्यदले कामाला लावता येत होती. ओदिशातील १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार लोक दगावल्यानंतर त्या राज्याने स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण उभारले आणि २००५ मध्ये केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. म्यानमारकडे अशी यंत्रणा नव्हती, आणि बाहेरची यंत्रणाही आत येऊ दिली जात नव्हती.

दरम्यान वादळग्रस्तांना पहिले अन्न दिले ते त्यांच्याच देशबांधवांनी. यांगोनमधील व्यापारी, विद्यार्थी, डॉक्टर आणि कलावंत आपापल्या गाड्यांत तांदूळ, शेवया व पाण्याच्या बाटल्या भरून दक्षिणेकडे निघाले. गावोगावचे बौद्ध विहार व चर्च हीच निवाऱ्याची आणि सामुदायिक स्वयंपाकाची ठिकाणे बनली. काही आठवड्यांतच पोलिसांनी या गाड्या अडवण्यास सुरुवात केली. सरकारी वृत्तपत्रांनी तर त्रिभुज प्रदेशातील लोक मासे व बेडूक पकडून जगू शकतात, त्यांना परदेशी चॉकलेटची गरज नाही, अशा आशयाचा मजकूर छापला. मदतकार्यात पुढाकार घेणारे आणि शासनाच्या दिरंगाईवर बोलणारे विनोदी अभिनेते झर्गनार यांना जूनमध्ये अटक झाली. त्यांना सुनावलेली प्रदीर्घ शिक्षा नंतर कमी करण्यात आली आणि ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांची सुटका झाली.

त्रिपक्षीय गट

आग्नेय आशियाई राष्ट्रांची संघटना, म्हणजेच आसियान, सदस्य देशांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करण्याबद्दल ओळखली जाते. म्यानमार १९९७ पासून तिचा सदस्य आहे. थायलंडचे माजी परराष्ट्रमंत्री सुरिन पित्सुवान त्यावेळी संघटनेचे महासचिव होते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाहणी पथक पाठवले. १९ मे रोजी सिंगापूर येथे परराष्ट्रमंत्र्यांची तातडीची बैठक झाली. आसियानच्या पुढाकाराने काम करावे, संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने करावे, की बाहेरून बळाने मदत येण्याची जोखीम पत्करावी, असा प्रश्न म्यानमारच्या प्रतिनिधींसमोर ठेवण्यात आल्याचे सांगितले जाते. म्यानमारने पहिला पर्याय निवडला.

त्यापाठोपाठ संयुक्त राष्ट्रांचे महासचिव बान की मून म्यानमारमध्ये आले. २३ मे रोजी नेपिडॉ येथे थान श्वे यांच्याशी त्यांची भेट झाली आणि मदत संस्थांच्या कर्मचाऱ्यांना, ते कोणत्याही देशाचे असोत, प्रवेश देण्याचे मान्य झाले. जागतिक अन्न कार्यक्रमाला दहा हेलिकॉप्टर वापरण्याची मुभाही याच सुमारास मिळाली. २५ मे रोजी यांगोनमध्ये देणगीदार देशांची परिषद झाली आणि ३१ मे रोजी त्रिपक्षीय गट अस्तित्वात आला. वादळाला त्या दिवशी एकोणतीस दिवस झाले होते. मे अखेरीपर्यंत गरजूंपैकी निम्म्याहून कमी लोकांनाच काही ना काही आंतरराष्ट्रीय मदत मिळाली होती, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता.

या गटाची रचना साधी होती. म्यानमार शासन, आसियान व संयुक्त राष्ट्रे यांचे प्रत्येकी तीन प्रतिनिधी. अध्यक्षपदी म्यानमारचे उपपरराष्ट्रमंत्री चॉ थू. गटाच्या बैठका यांगोनमध्ये होत. प्रवेश परवाना अडला, होडीला परवानगी मिळेना, एखाद्या तालुक्यात अधिकाऱ्याने गोदाम उघडू दिले नाही, तर ही बाब नेपिडॉच्या मंत्रालयांत फिरत न राहता थेट या टेबलावर येई. अध्यक्ष शासनाचाच असल्याने निर्णय शासनाचा ठरे आणि राजवटीची प्रतिष्ठा राखली जाई. आसियानचे अधिकारी शेजारी बसलेले असल्याने दिलेला शब्द मागे घेणे मात्र कठीण जाई.

अन्नवाटपाला याचा तत्काळ उपयोग झाला. बँकॉकच्या डॉन मुआंग विमानतळावर साहित्य गोळा करून ते यांगोनला आणण्याची साखळी उभी राहिली. तेथून लाबुट्टा, बोगाले, प्यापोन आदी केंद्रांपर्यंत मालमोटारी व जहाजे, आणि पुढे होड्या. रस्ता व मोठी नदी दोन्ही नसलेल्या ठिकाणी हेलिकॉप्टर वापरली गेली. त्यातील पहिले मेच्या चौथ्या आठवड्यात आले, उर्वरित जूनमध्ये. जुलैच्या प्रारंभापर्यंत सात लाखांहून अधिक लोकांना जागतिक अन्न कार्यक्रमाचा शिधा पोहोचला होता.

जूनमध्ये गटाने संयुक्त पाहणी हाती घेतली. शासन, आसियान व मदत संस्था यांचे कर्मचारी एकत्र गावोगावी गेले.  २१ जुलै रोजी प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात एकूण हानी सुमारे ४ अब्ज डॉलर इतकी ठरवण्यात आली. किती नुकसान झाले हा विषय तोपर्यंत शासन व टीकाकार यांच्या वादाचा होता. या अहवालामुळे दोन्ही बाजूंना मान्य असे आकडे प्रथमच उपलब्ध झाले. आवाहनाची रक्कमही जुलैमध्येच ४८ कोटी डॉलरच्या पुढे नेण्यात आली.

सर्व अडचणी संपल्या असे नव्हे. मदतीचे डॉलर म्यानमारमध्ये खर्च करताना ते शासनाच्या परकीय चलन प्रमाणपत्रांत बदलून घ्यावे लागत आणि त्या प्रमाणपत्रांचा दर बाजारातील डॉलरच्या दरापेक्षा बराच कमी असे. या फरकात सुमारे एक कोटी डॉलर गेले, असे संयुक्त राष्ट्रांचे मदत समन्वयक जॉन होम्स यांनी जुलै २००८ मध्ये मान्य केले. ही बाब आधीच ध्यानात यायला हवी होती, अशी टीका संयुक्त राष्ट्रांवर झाली आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही.

पेरणीची घाई

जून-जुलै हा त्रिभुज प्रदेशातील पावसाळी भाताच्या लागवडीचा काळ. ही वेळ चुकली असती तर पुढील सुगीपर्यंत, म्हणजे दीड वर्ष, लाखो लोकांना शिध्यावरच जगवावे लागले असते. त्यामुळे अन्नवाटपाबरोबरच बियाणे, खते आणि मेलेल्या जनावरांच्या जागी यांत्रिक नांगर पुरवण्याचे काम सुरू झाले. कोकणातील खारबंदिस्ती फुटल्यावर शेतात शिरलेले पाणी काय करते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या अडचणीची कल्पना येईल. पावसाच्या गोड्या पाण्याने खार धुतला जाईपर्यंत रोप तग धरत नाही. बरीच जमीन त्या हंगामात लागवडीखाली आली, परंतु सर्वाधिक फटका बसलेल्या गावांत उत्पन्न घटले आणि शेतकऱ्यांवर सावकारी कर्जाचा बोजा वाढला.

वादळानंतर उपासमार व साथींमुळे मृत्यूंची दुसरी लाट येईल, अशी भीती मे महिन्यात व्यक्त होत होती. तसे घडले नाही. भिजलेले का होईना, पण काही धान्य गावात उरले होते. शेजारच्या भागांतून मिळालेली मदत आणि विहारांतील पंगती यांनी पहिले आठवडे निभावले. या गोष्टीचा आधार घेऊन शासनाचा विलंब निरुपद्रवी होता असा युक्तिवाद काही जण करतात. त्या आठवड्यांत खाऱ्या तळ्यांच्या काठी लोकांनी काय खाल्ले व काय प्यायले, याची नोंद ठेवायलाच कोणाला जाऊ दिले नव्हते, हे या युक्तिवादात विसरले जाते.

नंतरची वर्षे

डिसेंबर २००८ मध्ये त्रिपक्षीय गटाने तीन वर्षांचा पुनर्वसन आराखडा तयार केला. त्यासाठी ६९ कोटी १० लाख डॉलर आवश्यक होते. देणगीदारांकडून त्यातील थोडाच भाग मिळाला. जुलै २०१० मध्ये गटाचे काम थांबवण्यात आले. आसियानचा आपत्ती व्यवस्थापनविषयक करार २००५ मध्येच झाला होता. तो डिसेंबर २००९ मध्ये अमलात आला आणि २०११ मध्ये जकार्ता येथे संघटनेचे मदत समन्वय केंद्र स्थापन झाले.

म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने पुन्हा सत्ता हाती घेतली. १४ मे २०२३ रोजी मोखा चक्रीवादळ राखाइन प्रांतात सितवेजवळ धडकले. भारताने ‘ऑपरेशन करुणा’ अंतर्गत नौदलाच्या नौकांतून अन्नसामग्री, तंबू व औषधे यांगोनला पाठवली. मदत संस्थांनी वाटपाचा आराखडा सादर केला होता. परंतु ८ जून रोजी राखाइनमधील त्यांचे प्रवास परवाने लष्करी शासनाने स्थगित केले. पुढील वर्षी सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळाच्या पावसाने देशाचा मध्य भाग पाण्याखाली गेला, तेव्हा याच शासनाने परदेशांकडे मदतीची जाहीर मागणी केली. भारतीय नौदलाची ‘सातपुडा’ ही नौका कोरडा शिधा, कपडे व औषधे असे दहा टन साहित्य घेऊन यांगोनकडे रवाना झाली.